क्रँकचा बोल्ट आणि तोंडी हिशोब

बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या ज्या बाजूला पट्टे फिरताना दिसतात, त्या बाजूचे सगळ्यात खालचे चाक म्हणजे क्रँकची पुली. बहुतेक गाडीमालकांच्या नजरेला ती कधी पडत नाही, कारण ती खाली, मडगार्डाआड, तेलकट अंधारात बसलेली असते. पण बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, कित्येक गाड्यांत पाण्याचा पंप आणि पॉवर स्टीअरिंगचा पंप, हे सगळे तिच्याच जिवावर फिरतात. क्रँकशाफ्टच्या टोकावर ती एका जाड बोल्टने आवळलेली असते. अनेक इंजिनांत तिच्या मधल्या भागात आणि बाहेरच्या कड्यात रबराचा थर असतो, क्रँकला बसणारे पीळ पचवण्यासाठी. हा मधला बोल्ट ढिला झाला की आधी पट्टा किंचाळतो, मग पुली डोलायला लागते, मग टकटक सुरू होते. तशीच गाडी दामटली तर क्रँकच्या टोकावरची खाच आणि तिच्यात बसणारी चावी चघळली जाते, आणि एका बोल्टाचे काम क्रँकशाफ्ट बदलण्यावर जाते. क्रँकशाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन खाली उतरवून पूर्ण खोलणे आले. एवढ्याशा आडबाजूच्या भागाबद्दल वर्तमानपत्रात लिहायचे कारण इतकेच, की गॅरेजवर विश्वास ठेवतो म्हणजे आपण नेमके कशावर ठेवतो, हे इथे फार स्पष्ट दिसते. ब्रेक लागतो की नाही हे गिऱ्हाईक गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहू शकते. हा बोल्ट नीट आवळला आहे की नाही, हे मात्र गाडी ताब्यात घेताना त्याला कुठल्याही उपायाने कळत नाही.

बोल्ट ‘आपोआप’ ढिला झाला, असे गॅरेजमध्ये सर्रास सांगितले जाते. तसे क्वचित घडत असेलही. पण कारखान्यातून नीट आवळून निघालेला हा बोल्ट सहसा जागचा हलत नाही. टायमिंग बेल्ट बदलताना किंवा क्रँकचे ऑइल सील बदलताना कुणीतरी तो खोलतो आणि परत लावतो, तेव्हा खरी गडबड होते. आवळलेला बोल्ट ही एक ताणलेली स्प्रिंगच असते. त्या ताणामुळे पुली क्रँकवर दाबली जाते आणि त्या दाबाच्या घर्षणावरच ती टिकते. चावीचे काम मुख्यतः पुली योग्य कोनात बसवण्याचे. हिसके झेलणे हे तिचे काम नव्हे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसते उभे असले तरी क्रँकला सेकंदाला सव्वीसेक हिसके बसतात, आणि २,४०० फेऱ्यांवर ऐंशी. ताण कमी पडला की हे हिसके थेट चावीवर येतात. शिवाय पान्याने लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला उपयोगी पडतो. बाकीचा आट्यांच्या आणि बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. आटे कोरडे आहेत की तेलकट, स्वच्छ आहेत की गंजलेले, यावर त्याच जोराने मिळणारा ताण बराच बदलतो. काही इंजिनांत हा बोल्ट ठरावीक जोराने आवळून वर आणखी ठरावीक अंश फिरवायचा असतो. असा बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा वापरायचा नाही, अशी कंपनीची स्पष्ट सूचना असते. जुनाच बोल्ट हवेच्या गनने ‘टाईट’ करून दिला तर बाहेरून दोन्ही कामे तंतोतंत सारखी दिसतात.

याचे जगात गाजलेले उदाहरण माझ्दा मियाटाचे. ही छोटी स्पोर्ट्स कार १९८९ मध्ये बाजारात आली. पहिल्या दोनेक वर्षांच्या इंजिनांत क्रँकचे पुढचे टोक आखूड होते. टायमिंग बेल्टच्या कामानंतर बोल्ट कमी आवळला गेला की पुली डोलायची आणि टोकावरची खाच खराब व्हायची. कंपनीने १९९१ मध्ये लांब टोकाचा आणि मोठ्या बोल्टाचा क्रँक आणला. जुनी मियाटा घेणारे शौकीन आजही पुलीवर खाचा चार आहेत की आठ हे वाकून मोजतात, कारण चार म्हणजे आखूड टोक. रचना नाजूक होती हा कंपनीचा दोष, आणि नाजूक रचना निष्काळजी हाताखाली गेली हा गॅरेजचा. खराब झालेला क्रँक गळ्यात पडला तो मालकाच्या, ज्याला या दोन्हींतले काहीच माहीत नव्हते.

बोल्ट लावण्याच्या आधी निदानाचा प्रश्न येतो, आणि तिथे विश्वासाची खरी किंमत कळते. ढिल्या पुलीची टकटक आणि झिजलेल्या बेअरिंगची टकटक कानाला बरीच सारखी वाटते. ‘साहेब, बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल’ हे वाक्य प्रामाणिक चूक म्हणूनही येऊ शकते आणि ठरवूनही. खात्री करायला फार काही लागत नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या उजेडात पुलीची कड पाहायची. ती डोलत असेल तर दिसते. बोल्टाभोवती गंजासारखी लालसर भुकटी जमली असेल तर लोखंडावर लोखंड घासते आहे, हे समजते. पट्टे काढून इंजिन जेमतेम मिनिटभर चालवून आवाज बदलतो का तेही पाहता येते. पाण्याचा पंप बंद असल्याने त्याहून जास्त चालवायचे नाही. दहा-पंधरा मिनिटांचे काम. पण ते केले की नाही हे गिऱ्हाईकाला कळत नाही आणि केले म्हणून मेस्त्रीला वेगळे पैसे मिळत नाहीत. मायकेल डार्बी आणि एदी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच हे लिहून ठेवले आहे. दुरुस्ती किंवा वैद्यकीय उपचारांसारख्या सेवांत गरज किती हे ठरवणारा आणि ती विकणारा एकच असतो, आणि विकत घेतल्यावरही घेणाऱ्याला दर्जा कळत नाही. अशा बाजारात नुसत्या स्पर्धेने लबाडी संपत नाही.

आपल्याकडे या अडचणीवरचा पिढीजात उपाय म्हणजे ओळखीचा मेस्त्री. गावात तो चालतो, कारण तिथे मेस्त्रीचे नावच त्याचे तारण असते. नवी मुंबईत ही सोय मुळातच तोकडी आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७०ची; तेव्हापासून साताऱ्याहून, कोकणातून, केरळातून, उत्तर प्रदेशातून माणसे येत राहिली आणि शहर नोड-नोडने वाढत गेले. भाड्याचे घर बदलले की आज ऐरोलीत असलेला माणूस उद्या कामोठ्यात असतो. मेस्त्रीही तसाच. आज सर्व्हिस रोडच्या कडेला असलेले गॅरेज पावसाळ्यानंतर तुर्भ्याच्या गाळ्यात गेलेले असते. शेजारच्याने सांगितले, ऑफिसातल्याने नंबर दिला, एवढीच ओळख. गणपतीच्या आठवड्यापूर्वी याच गॅरेजांत रांगा लागतात. मग घाईत आवळलेल्या बोल्टावर पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी कशेडी घाटाकडे निघते. चढणीवर पट्टा सुटला आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असला तर इंजिन तापायला वेळ लागत नाही. पण ओळख पक्की असती तरी प्रश्न सुटला असता का? अर्थशास्त्रज्ञ हेन्री श्नायडर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुद्दाम दोष ठेवलेली गाडी अमेरिकेतल्या अनेक गॅरेजांत नेली होती. नको ती कामे सुचवली गेली आणि खरे दोष निसटले, दोन्ही बरेचदा. गिऱ्हाईक परत येणारे आहे असे भासवूनही दुरुस्तीच्या दर्जात फारसा फरक पडला नाही. लबाडीपेक्षा नजरचूक किती, हा प्रश्न तिथेही उरतोच. म्हणून मेस्त्री माणूस म्हणून चांगला आहे की नाही, यावर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही.

भिस्त ठेवायची तर कागदावर ठेवावी. बोल्ट नवा लावला की जुना. कोणत्या आकड्याला आवळला आणि तो आकडा कुठून घेतला. काढलेले भाग परत दिले की नाही. एवढे तीन तपशील पावतीवर यावेत, इतकीच माझी मागणी आहे. बऱ्याच मोटारींत क्रँकच्या बोल्टाचा आकडा १०० ते २५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. तो लिहायचा म्हणजे मेस्त्रीला आधी शोधावा लागतो, आणि शोधला की टॉर्क पाना हातात घ्यावा लागतो. कागद खोटाही असू शकतो, असे कुणी म्हणेल. असू शकतो. पण तोंडी थाप मारणे आणि सहीनिशी खोटा आकडा लिहिणे यात फार अंतर आहे. जो मेस्त्री हातातल्या कामात कंटाळा करतो, तोही लिहायची वेळ आली की एकदा तपासून घेतो. काढलेला बोल्ट हातात ठेवला जातो, त्याच्या आट्यांवर लालसर भुकटी दिसते आणि चावीची एक कड खाल्लेली दिसते, तेव्हा निदान खरे होते की नाही हेही त्याच क्षणी समोर येते.

‘मग कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जा ना’ हा यावरचा पहिला आक्षेप, आणि तो पोकळ नाही. तिथे मॅन्युअल असते, जॉब कार्ड असते, बिल छापील मिळते. पण त्या बिलावर बहुधा कामाचे नाव आणि कोड असतो. आकडा, बोल्टाची अवस्था, कुणाच्या हाताने काम झाले, यातले काही नसते. काचेपलीकडच्या लाउंजमध्ये बसलेल्या गिऱ्हाईकाला पुली दिसत नाही ती नाहीच. शिवाय रस्त्यावरच्या गॅरेजकडे मॅन्युअल का नसते, याचे उत्तरही कंपन्यांकडेच जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा, फोर्ड, सगळी मोठी नावे त्यात होती. सुटे भाग, तपासणीची साधने आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावर ठेवलेला दोष. बौद्धिक संपदेचा कंपन्यांचा बचाव आयोगाने मानला नाही. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, असेही बजावले. पुढे प्रकरण अपिलांत गेले. अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये काही कंपन्यांबाबत दोष कायम ठेवला, दंड कमी केला. आपल्याच गाडीचा बोल्ट कितीवर आवळायचा हे शहरातल्या कित्येक मेस्त्रींना अंदाजाने ठरवावे लागते, आणि हे पूर्णपणे त्यांच्या आळसाचे पाप नाही, एवढे तरी त्या आदेशातून कळते.

दुसरा आक्षेप मेस्त्रींच्या बाजूचा आहे आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. वीस-पंचवीस वर्षे पाना चालवलेल्या हाताला अंदाज असतो. त्याला आकडे विचारणे हा त्याचा अपमान. या हाताबद्दल मला आदर आहे. बुरसलेला नट आटे न तोडता कसा सोडवायचा, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नीट लिहिलेले नसते. पण हात ओळखतो तो विरोध, ताण नव्हे. गंजलेल्या आट्यांवर हाताला ‘बसला’ असे वाटते तेव्हा बोल्ट ताणलेलाही नसतो. जुगाडातही डावे-उजवे करायला हवे. खाच थोडीच झिजली असेल तर ती साफ करून, चिकट द्रव्य भरून, नवी चावी आणि नवा बोल्ट लावून आखूड टोकाच्या मियाटा वर्षानुवर्षे चालवल्या गेल्या आहेत. याला मी कसब म्हणेन. पुलीलाच क्रँकवर वेल्डिंगचे टाके मारून ‘आता कधी ढिली होणार नाही’ म्हणणे ही वेगळी गोष्ट. त्या उष्णतेने सील आणि पुलीतले रबर जाते, आणि पुढे टायमिंगचे काम निघाले की पुली कापण्यावाचून इलाज राहत नाही. पहिला मेस्त्री काय केले ते अभिमानाने लिहून देईल. दुसऱ्याला लिहायला सांगा.

पैशाचा आक्षेप गिऱ्हाईकाकडून येतो आणि तो ऐकताना थोडे हसू येते. बिल मागितले की टॅक्स लागतो, म्हणून ‘कच्चं चालेल’ असे आपणच म्हणतो. २२ सप्टेंबर २०२५पासून मोटारीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. दुरुस्तीच्या मजुरीवर १८ टक्के आहेच. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती साधारणपणे नसते. म्हणजे लहान गॅरेजने साध्या छापील पावतीवर कामाचा तपशील लिहून दिला तर एक रुपयाही टॅक्स वाढत नाही. टॅक्स आणि तपशील या दोन गोष्टी आपण सोयीने एकत्र बांधल्या आहेत. टॉर्क पाना काही हजारांत येतो, आणि गॅरेजच्या इतर अवजारांच्या मानाने हा खर्च डोईजड नाही. नवा बोल्ट त्याहून कितीतरी स्वस्त. तोही ‘जुनाच चांगला आहे’ म्हणून टाळला जातो, किंवा कुर्ल्याच्या भंगारातून आलेल्या क्रँकसोबत त्याच क्रँकचा बोल्ट वापरला जातो. यात वाचते ते मेस्त्रीचे नव्हे, आपलेच, आणि तेही चहा-वड्याच्या हिशोबाने.

परवाना का नको, असेही विचारले जाते. वीजजोडणीची कामे परवानाधारकाकडून करून घ्यावी लागतात. मोटार दुरुस्तीचे गॅरेज टाकायला शिक्षणाची कुठलीही अट नाही. जर्मनीत स्वतंत्र गॅरेज चालवायला साधारणपणे मास्टर कारागिराची पात्रता लागते. आपल्याकडे आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि तो शिकलेली मुले चांगली तयार होतात. पण उद्या परवाना सक्तीचा केला तर तुर्भे-कळंबोलीतली निम्मी गॅरेजे बेकायदा ठरतील, आणि भिंतीवर टांगलेला परवाना भाड्याचा निघेल. औषधांच्या दुकानांबाबत हा प्रकार आपण पाहिलेला आहे. परवान्याची गोष्ट दहा वर्षांनी पाहू.

कायद्याने कागदाला आजच जागा दिली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विकलेल्या मालाची किंवा दिलेल्या सेवेची पावती न देणे ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. तक्रार आपण राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. म्हणजे नेरूळचा माणूस ठाणे जिल्ह्याच्या, खारघरचा रायगडच्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. एका बोल्टासाठी कोण आयोगात जाणार, हे खरेच आहे. पण क्रँक गेल्यावर प्रश्न बोल्टाचा राहत नाही, आणि तेव्हा हातात ‘इंजिन काम – रोख’ एवढे लिहिलेली चिठ्ठी असेल तर वकीलही हात टेकतो. पावतीवर बोल्ट नवा आणि आवळणीचा आकडा लिहिलेला असेल, आणि सहा महिन्यांनी पुली सुटलीच, तर मेस्त्रीलाही ती पावती तितकीच उपयोगी. त्याने आपले काम नीट केले होते, दोष भागाचा किंवा रचनेचा होता, हे दाखवायला त्याच्याकडेही दुसरे काही नसते.

उरते ती माहिती, आणि इथे सरकारने अर्धेच पाऊल टाकले आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टल सुरू केले. मोटारी त्याच्या यादीत आहेत. मागे स्वतंत्र कायदा नसल्याने कुठली कंपनी किती आणि कोणत्या स्वरूपात माहिती देते, हे तिच्या मर्जीवर आहे. विजेच्या मोटारीत क्रँकच नाही, मग हा सगळा वाद दहा वर्षांचा सोबती, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तिथे पान्याच्या जागी सॉफ्टवेअर येते आणि कुलूप आणखी घट्ट होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये कायदा करून कंपन्यांना स्वतंत्र गॅरेजांसाठी दुरुस्तीची माहिती खुली करायला लावली, आणि त्यानंतर उद्योगाने २०१४ मध्ये देशभरासाठी तसाच करार केला. आपल्याला सुरुवातीला एवढेही नको. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मॉडेलच्या महत्त्वाच्या बोल्टांचे आवळण्याचे आकडे, आणि त्यांतले कोणते बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत, ही दोन-तीन पाने मराठी-हिंदीसह कुणालाही मोफत उघडता येतील अशी त्या पोर्टलवर सक्तीने टाकायला लावा. त्यात कुठल्या कंपनीचे गुपित फुटत नाही, आणि मग पावतीवर आकडा न लिहिण्याला तुर्भ्यातल्या गाळ्याकडेही सबब राहत नाही, काचेच्या शोरूमकडेही.